बाई अडखळतात

सोमवारी दुपारी पावणेतीनला ग्रंथालयातला फोन वाजला. पलीकडच्या गृहस्थांनी काळजीने विचारलं, की बाई आज अशा अडखळत का वाचतायत. फोनवाल्या ताईंनी सवयीने "निरोप देते" म्हणून फोन ठेवला आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की निरोप द्यायचा कोणाला? बाईंना जाऊन चार महिने झाले होते.

हे ग्रंथालय दृष्टिहीन वाचकांसाठी होतं. तिथे कपाटं होती, पण पुस्तकं कमी आणि आवाज जास्त. खरं तर एकच आवाज. सव्वीस वर्षांत बाईंनी मागच्या काचेच्या खोलीत बसून तीनशे बारा पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित केली होती. त्यात रहस्यकथा होत्या, कायदा होता, प्रवासवर्णनं होती, मधमाश्या कशा पाळाव्यात हेही होतं. गावोगावचे वाचक घरबसल्या फोनवर किंवा छोट्या यंत्रावर हवं ते पुस्तक लावायचे आणि बाई त्यांच्या कानात वाचायच्या. बाई गेल्या तरी वाचायच्या थांबल्या नव्हत्या. त्यामुळे त्या गेल्या आहेत हे वाचकांना कळायला तसा काही मार्गच नव्हता.

कळवायला हवं होतं हे खरं. ग्रंथपालांनी दुसऱ्याच दिवशी अर्ध्या पानाचं निवेदन लिहिलंही होतं. पण या ग्रंथालयाची सगळी निवेदनं, सुट्टीची असोत, नव्या पुस्तकांची असोत, बाईच वाचत. हे निवेदन कोणाला वाचायला द्यावं हे ग्रंथपालांना सुचेना. स्वभावाने ते फार मऊ. वाईट बातमी सांगायची वेळ आली की आधी त्यांनाच पाणी लागायचं. कागद खणात गेला, खण बंद झाला, आणि "योग्य वेळी बघू" असं ठरलं.

बाईंचे यजमान याच ग्रंथालयात सर्व्हर सांभाळत. सगळे त्यांना तारमास्तर म्हणत. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. जिन्याखालच्या खोलीत, जिथे पूर्वी झाडू-बादल्या ठेवत आणि बादल्या अजूनही होत्याच, तिथे त्यांची यंत्रं होती. बाई गेल्यापासून ते रविवारीसुद्धा येऊन बसत. घरी बसून तरी काय करणार? दर रविवारी काहीतरी सुधारायला लागे, आणि चांगल्या चालणाऱ्या यंत्राला सुधारायला निघालेला माणूस कुठे ना कुठे घोळ घालतोच.

या खेपेला त्यांनी केबल सुधारली. सर्व्हर एकीकडे, आणि बाईंची सगळी पुस्तकं ज्यात साठवलेली ते डिस्कचं कपाट दुसरीकडे. हे कपाट बाई असतानाही एकदा बिघडलं होतं. दोघांमध्ये दोन केबल. एक जुनी, टोकाशी दुमडलेली, लहर लागेल तेव्हा चालणारी. दुसरी कोरी करकरीत, कोणीतरी देणगी दिलेली. दोन्ही एकाच कपाटाकडे जातात. एक बंद पडली तर दुसरीवरून काम चालावं, एवढाच हेतू. मात्र आधी कुठल्या वाटेने जायचं हे मशीनला सांगावं लागतं. त्यासाठी एका फाइलीत प्रत्येक वाटेपुढे एक आकडा लिहायचा असतो. तारमास्तरांनी नव्या केबलपुढे लिहिला एक, जुनीपुढे लिहिले पन्नास, आणि हात झटकून ते उठले.

त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. शाळेत पहिला नंबर म्हणजे पहिला, रांगेत एक नंबर म्हणजे सगळ्यांच्या पुढे. साठ वर्षं ते हेच बघत आले होते. पण मशीनची शाळा निराळी होती. तिथे ज्याचा आकडा मोठा त्याचा मान मोठा. त्यामुळे मशीनने नव्या केबलला कोपऱ्यात बसवलं आणि सगळा भार त्या दुमडलेल्या म्हातारीवर टाकला. ती मध्येच मान टाकायची. मशीन सात-आठ सेकंद तिची वाट बघायचं, मग नाइलाजाने नवीकडे वळायचं. दोन मिनिटं झकास चालायचं. तेवढ्यात म्हातारी पुन्हा डोळे उघडायची, की हे आज्ञाधारक मशीन पुन्हा तिच्याच दारात. आणि तिकडे वाचकांच्या कानात बाई अर्ध्या शब्दावर थांबायच्या, गप्प राहायच्या आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुढे वाचायला लागायच्या.

संध्याकाळपर्यंत एकवीस फोन आले. त्यातला एक पियानो जुळवणाऱ्या गृहस्थांचा होता. ते जन्मापासून दृष्टिहीन, आणि त्यांच्या कानांना लपवून काही ठेवायची सोय नव्हती. बाईंचा आवाज नेमका कुठल्या अक्षरावर तुटतो ते त्यांनी ताईंना करून दाखवलं आणि हळूच विचारलं, की त्यांना झटका वगैरे तर आलेला नाही ना? ताई घाबरून ग्रंथपालांकडे गेल्या. ग्रंथपाल पाणी प्यायले. मग म्हणाले, "तब्येत जरा बरी नाही असं सांगा. आत्तापुरतं."

आत्तापुरतं सांगितलेलं खोटं भाडेकरूसारखं असतं; एकदा घुसलं की हलत नाही. मंगळवारी सकाळी निवृत्त वकीलबाईंचा फोन आला. त्यांची दृष्टी चाळिशीत गेली होती, उलटतपासणीची सवय मात्र गेली नव्हती. आपण ऐकतोय ते पुस्तक बाईंनी सात वर्षांपूर्वी वाचलेलं आहे; तेव्हाच्या आवाजात आजचं दुखणं कसं काय शिरलं, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. ग्रंथपालांनी स्वतः फोन घेतला होता. त्यांच्या तोंडून निघून गेलं, की बाई सगळी पुस्तकं नव्याने वाचून घेतायत.

दुपारपर्यंत ही बातमी गावोगाव पोचली. आजारी बाईकडून तीनशे बारा पुस्तकं पुन्हा वाचून घेणारं ग्रंथालय! लोकांचा संताप झाला. एकाने विचारलं, तुम्हाला माणुसकी आहे की नाही? दुसऱ्याने आपल्या वाटची पुस्तकं बाईंनी वाचू नयेत, आपण जन्मात ती ऐकणार नाही, असं लेखी द्यायची तयारी दाखवली. बाईंच्या विश्रांतीसाठी सह्यांची मोहीम काढायचं वकीलबाईंनी मनावर घेतलं. सह्या करता येत नाहीत त्यांनी अंगठे द्यावेत, असंही ठरलं.

शेवटी ग्रंथपाल खाली मान घालून जिन्याखालच्या खोलीत आले आणि तारमास्तरांना म्हणाले, की घरचे म्हणून वाचक तुम्हालाच विचारतायत, चार शब्द तुम्ही बोललात तर बरं. आपण काय मागतोय हे कळून ते दारातच थांबले. तारमास्तर रागावले नाहीत. वर येऊन त्यांनी फोन घेतला आणि पियानोवाल्यांना सांगितलं, "विश्रांती घेतेय ती." फोन ठेवून ग्रंथपालांना म्हणाले, "यात खोटं काही नाही."

आता कोणी म्हणेल, की तारमास्तरांनी एक पुस्तक लावून दोन मिनिटं ऐकलं असतं तरी बिघाडाचा अंदाज आला असता. पण चार महिन्यांत त्यांनी बाईंचा आवाज ऐकला नव्हता. ऐकवत नव्हता. ते आवाज बंद ठेवायचे आणि पडद्यावर आवाजाची वरखाली होणारी रेघ तेवढी बघायचे. रेघ चालत होती, आडवी पडत होती, पुन्हा चालत होती. त्यांनी नवी केबल काढून बघितली; अडखळणं तसंच. म्हणजे नव्या केबलचा उपयोग होत नाही, म्हणजे दोष तिच्यातच, असा त्यांनी हिशोब केला. तिचं टोक पुसलं, टोक बदललं, मग केबलच बदलून दुसरी आणली. ज्या रस्त्याला मशीन नाइलाज झाल्याशिवाय फिरकत नव्हतं त्याचे खड्डे ते तीन दिवस बुजवत होते.

बुधवारी दुपारी हात टेकून त्यांनी निराळा उपाय केला. पुस्तकांची एक जादा प्रत बॅकअपच्या डब्यात असते; दुरुस्ती होईपर्यंत वाचकांना तिथून ऐकू द्यावं. पाच मिनिटांचं काम. केलं. पडद्यावरची रेघ सरळ चालायला लागली.

त्या डब्यात काय होतं हे सांगायला हवं. वाचताना बाईंचं काही चुकलं, किंवा मध्येच काही बोलावंसं वाटलं, तर त्या टेबलावर दोनदा टकटक करत आणि पुन्हा वाचायला लागण्याआधी आणखी दोनदा. रेघेवर त्याचे उंच काटे दिसत. तारमास्तर रोज संध्याकाळी काट्यापासून काट्यापर्यंतचा तुकडा कापून टाकत, तोही आवाज न लावता. "घरी ऐकतोच की," असं म्हणत. कापताना हात चुकला तर असावी म्हणून न कापलेली मूळ प्रत ते बॅकअपमध्ये ठेवून देत. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण चार महिन्यांत ते बरंच विसरत होते. गॅस बंद केला का, चष्मा कुठे ठेवला, आज वार कोणता. त्यात हेही विसरले.

गुरुवारी फोन बंद झाले. ताईंनी दोनदा तार नीट लागलीय का ते पाहिलं. शुक्रवारी एकाने फोन केला आणि काही न बोलता नुसता हसून ठेवून दिला. ग्रंथपालांना वाटलं, संकट टळलं. सह्यांची मोहीमही थंडावल्याचं कळलं.

शुक्रवारीच तारमास्तरांनी कपाट विकणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तासभर संगीत ऐकल्यावर एका मुलीचा आवाज आला. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"काका, नव्या केबलपुढे किती लिहिलंय?"

"एक."

"आणि जुनीपुढे?"

"पन्नास."

मग ती म्हणाली, "काका, मोठा आकडा आधी असतो."

"असं कुठे असतं?"

"इथे असतं," मुलगी अदबीने म्हणाली.

आकड्यांची अदलाबदल करायला दोन मिनिटं लागली. तारमास्तर उपड्या बादलीवर बराच वेळ बसून राहिले. मग वाचकांना त्यांनी पुन्हा मूळ कपाटावर आणलं, कापलेल्या, नेटक्या, स्वच्छ पुस्तकांवर, आणि घरी जाऊन कित्येक दिवसांनी धड झोपले.

शनिवारी सकाळी ताई ऑफिसात आल्या तेव्हा फोन आधीच वाजत होता. दुपारपर्यंत त्यांनी वहीत तक्रारी लिहून घेतल्या, पण त्यांचा अर्थ त्यांना लागेना. एकाचं म्हणणं, मधमाश्यांच्या पुस्तकात "डंख झाल्यावर काय करावं ते पान फाटलंय, तेव्हा डंख करून घेऊ नका" असं जे वाक्य काल होतं ते आज का नाही? दुसऱ्याची मागणी, खुनी कोण ते मला कळलंय पण सांगणार नाही असं बाई नवव्या प्रकरणात म्हणाल्या होत्या, ते परत ऐकवा. वकीलबाईंचा आक्षेप, की एका कलमानंतर "हे लिहिणाऱ्यालाच आधी आत टाकायला हवं" असा अत्यंत योग्य शेरा होता आणि तो कोणीतरी वगळला आहे.

ग्रंथपाल वही घेऊन जिन्याखाली गेले. तारमास्तर म्हणाले, की आता आवाज अगदी स्वच्छ आहे, मी स्वतः रेघ बघितलीय.

"हीच तर तक्रार आहे," ग्रंथपाल म्हणाले. "फार स्वच्छ आहे म्हणतात. बाई गप्प झाल्या म्हणतात."

तेव्हा कुठे तारमास्तरांना बॅकअपच्या डब्यात काय होतं ते आठवलं.

सोमवारी दहाच्या सुमाराला पियानोवाले आणि वकीलबाई रिक्षाने ग्रंथालयात आले. वकीलबाईंच्या हातात फळांची पिशवी होती. ग्रंथपालांनी दोघांना आपल्या खोलीत बसवलं, तारमास्तरांना बोलावलं आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तक्रार करायला आलेलो नाही, असं वकीलबाईंनी आधीच सांगून टाकलं. बाईंच्या त्या मधल्या बोलण्याने दोन दिवस इतके सुखात गेले, की कोणीतरी शेजारी बसून वाचतंय असं वाटलं. फक्त एका गोष्टीने झोप लागेना, म्हणून आलो.

गोष्ट पियानोवाल्यांनी सांगितली. समुद्रातल्या दिव्याची राखण करणाऱ्या माणसाची ती कादंबरी, बाईंनी सगळ्यात शेवटी वाचलेली. तेराव्या प्रकरणात टकटक झाली आणि बाई हळू आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. पियानोवाल्यांना शब्द न् शब्द पाठ होता.

"म्हणाल्या, 'डावा हात आजही जड झालाय. ह्यांना सांगायला हवं. पण ते कपाट बिघडल्यापासून हे धड जेवत नाहीत, त्यात आणखी हे कुठे. पुढच्या आठवड्यात सांगते.' एवढं बोलल्या आणि पुन्हा वाचायला लागल्या." त्यांनी तारमास्तरांच्या श्वासाच्या दिशेने मान वळवली. "सांगितलं का त्यांनी तुम्हाला? एवढंच विचारायला आलोय."

"नाही," तारमास्तर म्हणाले.

"मग तुम्ही तरी डॉक्टरांकडे घेऊन जा. आजच जा. हाताचं दुखणं हाताचं नसतं."

ग्रंथपाल खिडकीतून वळले, काही बोलणार तोच तारमास्तर म्हणाले, "ती गेली. चार महिने झाले. हृदयाचंच निघालं."

मग पियानोवाल्यांनी फार खालच्या आवाजात माफी मागितली. म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही ऐकलं असेल. 'हे कापतील' असं त्या मधूनमधून म्हणतात; कापता तर तुम्हीच ना?"

"कापलं मीच," तारमास्तर म्हणाले. "ऐकलं नाही."

वकीलबाईंनी फळांची पिशवी मांडीवरून टेबलावर ठेवली, पुन्हा मांडीवर घेतली आणि मग चाचपडत तारमास्तरांच्या हातात दिली. त्यांना त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. त्यांचा स्वभाव बघता ही मोठीच गोष्ट होती.

पाणी प्यायल्यावर वकीलबाईंनी ग्रंथपालांना जाब विचारला, की हे आम्हाला कळवलं का नाही. ग्रंथपालांनी खण उघडून कागद काढला आणि वाचायला आवाज नव्हता ही खरी अडचण पहिल्यांदाच मोकळेपणी सांगितली. वकीलबाई ताडकन म्हणाल्या, "आणा इकडे, मी वाचते." कागद त्यांच्या हातात आला, आणि तो कोरा असता तरी त्यांना सारखाच होता हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. पण शब्द दिला होता. मग काचेच्या खोलीत ग्रंथपाल एकेक वाक्य त्यांच्या कानात सांगत गेले आणि त्या ते माइकमध्ये म्हणत गेल्या. निवेदन एखाद्या निकालपत्रासारखं झालं. "सबब वाचकांना कळविण्यात येते की" हे शब्द मूळ कागदात नव्हते. त्या दिवशी संध्याकाळी ते सगळ्या यंत्रांवर वाजलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून ताईंचा फोन वाजत राहिला. ताई उचलायच्या आणि दोन्हीकडून कोणीच काही बोलायचं नाही. मग पलीकडचा माणूस "बरं" म्हणून ठेवून द्यायचा.

वाचकांची एकच मागणी आली: न कापलेली पुस्तकं पाहिजेत. ग्रंथपालांनी अर्थातच निर्णय तारमास्तरांवर सोपवला. ज्या बायकोने ते तुकडे कापायला सांगितले होते तिच्या मनाविरुद्ध ते कसे ऐकवायचे, हे तिच्या नवऱ्यानेच ठरवावं. तारमास्तर म्हणाले, आधी मी ऐकतो. त्यात घरातलं काही असेल तर बघतो. ऐकून झालं की एकेक पुस्तक देत जाईन.

तेव्हापासून दुपारी जेवण झालं की ते जिन्याखाली कानाला हेडफोन लावून बसतात. पहिल्या पुस्तकापासून सुरुवात केलीय, रोज दोन तास. जन्मात त्यांनी कादंबरी म्हणून वाचली नव्हती. आता एखादं प्रकरण अर्धवट राहिलं तर रात्री जेवताना चुकचुकतात. पहिल्या पुस्तकातल्या बाई बत्तीस वर्षांच्या आहेत. प्रत्येक पानावर चुकतात आणि टेबलावर टकटक करून स्वतःलाच रागावतात. तिसऱ्या पुस्तकात त्यांना सर्दी झालीय. पाचव्यात मुलीला गोवर आलाय आणि बाईंचं वाचनात लक्ष नाही. तारमास्तरांना तो गोवर आठवत नव्हता. त्यांनी मुलीला फोन करून खात्री करून घेतली. मुलगी हसली, मग रडली, मग जेवलात का म्हणून विचारलं.

रोज पाचच्या सुमाराला पियानोवाल्यांचा फोन येतो. त्या दोन दिवसांत त्यांनी झोप न घेता कुठली कुठली पुस्तकं चाळून ऐकली होती, त्यामुळे ते पुढे आहेत, आणि पुढे असलेल्या माणसाला मागच्याची चौकशी केल्याशिवाय राहवत नाही. परवा त्यांनी विचारलं, कुठपर्यंत आलात?

"सातवं चालू आहे. मोटारदुरुस्ती."

"दोनशे एकेचाळीसाव्यात त्या तुमच्याबद्दल बोलल्यात," पियानोवाले म्हणाले. "चांगलं पाच मिनिटं. सांगू का?"

तारमास्तरांनी बोटांवर हिशोब केला. या गतीने दोनशे एकेचाळीसाव्याला तीन वर्षं लागणार होती.

"नको," ते म्हणाले.

"मग थेट तेच लावा की. कोण अडवतंय?"

"तसं नको. मधली सगळी गाळून एकदम तिथे जाऊन बसलो तर बरं दिसत नाही." हेडफोनची गुंतलेली वायर सोडवत ते म्हणाले, "येतो मी तिथवर."

त्यांनी फोन ठेवला आणि हेडफोन पुन्हा कानाला लावले. गिअरबॉक्स उघडून ठेवलेला होता आणि बाई पाणी प्यायला उठल्या होत्या. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दाराचा, मग काहीच नाही. तारमास्तर वाट बघत बसले.